दूर का, मा?

बँकेच्या तपासणी विभागात माझी बहुतेक नोकरी प्रश्न विचारण्यात गेली. त्याहून जास्त गेली ती लोक मला जे प्रश्न विचारतात त्यांच्या पोटात काय आहे ते ओळखण्यात. शाखेत पाऊल टाकलं की मॅनेजर विचारतो, "मॅडम, प्रवास कसा झाला?" माझ्या प्रवासाशी त्याला काडीचं देणंघेणं नसतं. मी मुक्काम करणार की संध्याकाळच्या गाडीने टळणार, एवढंच त्याला हवं असतं. "चहा की कॉफी?" हा प्रश्न आल्या आल्या आला तर तो पाहुणचार, आणि मी एखाद्या कपाटाकडे वळल्यावर आला तर त्या कपाटात काहीतरी आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची आपली जुनीच रीत. भांडं कुठल्या पदराखाली आहे ते मला दिसायचं, आणि त्याचा मला गर्व होता.

ऑफिसने चेन्नईला जाता का म्हणून विचारलं तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. लग्न केलं नव्हतं. आई जाऊन वर्ष झालं होतं, आणि सांगलीच्या घरातली माझी खोली पुतण्याच्या अभ्यासाला हवी होती. तसं कोणी म्हटलं नाही हो. वहिनीने फक्त विचारलं, "वन्सं, तुमचं पुस्तकांचं कपाट तिकडे नेता येईल का?" मी म्हटलं, येईल. ऑफिसला होकार द्यायला एवढा प्रश्न पुरला.

ऑफिस नुंगंबाक्कमला होतं, पण मी घर शोधलं मैलापुरात. मला देऊळ, भाजीवाल्या आणि पायी चालता येईल असा रस्ता लागतो. एकट्या बाईला घर देताना लोक काय काय विचारतात याचा मला तिथे सढळ अनुभव आला. "मिस्टर कुठे असतात?" म्हणजे इथे पुरुषमाणसं येणार का. "व्हेज ना?" म्हणजे जात कोणती. "संध्याकाळी परतायला उशीर होतो का?" याचा अर्थ सांगायला नकोच. मी सगळ्यांना सरळ उत्तरं दिली आणि सगळ्यांनी "कळवतो" म्हटलं. त्या उत्तराचाही अर्थ मला कळत होता.

शेवटी देवळाच्या तळ्यामागच्या एका गल्लीत जुनं दुमजली घर मिळालं. दारात ओटा, इथे त्याला थिण्णै म्हणतात, आणि ओट्यावर पांढरी वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, नेसलेले एक ऐंशी ओलांडलेले गृहस्थ. मी फाटकाशी उभी राहून भावाशी फोनवर बोलत होते, ते त्यांनी ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "तुम्ही मराठी का? अम्हीपण मराठीच. तंजावरचे." सूर सगळा तमिळ, शब्द मात्र आपले, आणि तेही जरा जुनेर नेसून आलेले. घर दाखवताना त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "माडीच्या पायऱ्या उंच अहेत. गुडघे बरे अहेत नव्हे?" मी म्हटलं, बरे आहेत. मी माडीवर राहायला आले.

ते रेल्वेतून निवृत्त झालेले, पत्नी वारलेली, एकुलती एक मुलगी बंगळूरला. गल्ली त्यांना अप्पा म्हणे, मीही म्हणू लागले. ते मला, इथे सगळ्या बायकांना म्हणतात तसं, 'मा' म्हणत. पहिल्या सोमवारी ऑफिसला निघाले तर ओट्यावरून आवाज आला, "दूर का, मा?"

मी फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभीच राहिले. आमच्या घरी निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारायची बंदी होती. कुठे म्हटलं की काम होत नाही. लहानपणी मी एकदा वडिलांना दारात "कुठं चाललात?" विचारलं, तर ते चपला काढून परत आत आले, घोटभर पाणी प्याले, पाच मिनिटं पाटावर बसले आणि मग पुन्हा निघाले. तेवढ्या वेळात आईने मला डोळ्यांनीच भाजून काढलं. नंतर तिने शिकवलं, विचारायचंच असेल तर 'लांब का?' म्हणावं. उत्तर देणाऱ्याला वाटलं तर तो सांगेल, नाही तर "नाही, जवळच" म्हणून सुटेल. तमिळ लोकांतही निघताना 'कुठे' विचारत नाहीत हे मला इथे आल्यावर कळलं. पण परक्या शहरात, अशा पहिल्या दिवशी, कोणीतरी माझ्या आईचा प्रश्न विचारेल अशी माझी अपेक्षा नव्हती. बसमध्ये माझे डोळे भरून आले, आणि शेजारच्या बाईने खिडकी उघडी ठेवल्याबद्दल माझी माफी मागितली.

चेन्नईत दिवसभर कोणी ना कोणी विचारतंच, जेवलात का. लिफ्टमध्ये, बसथांब्यावर, फोन उचलल्या उचलल्या. तो नमस्कारच आहे, त्यात शोधण्यासारखं काही नाही. 'जेवले' म्हणायचं आणि पुढे जायचं. मी कितीदा उपाशीपोटी 'जेवले' म्हटलं आहे. आणि सांगलीहून भावाचा फोन यायचा, "कधी येणार आहेस?" त्यात ये असं नव्हतं. आधी कळव, म्हणजे पुतण्याला हॉलमध्ये हलवू, असं होतं. मी म्हणायची, बघू, सध्या काम आहे. तो म्हणायचा, बरं. दोघांनाही सुटल्यासारखं वाटायचं.

खरी पंचाईत रविवारची. आठवडाभर माणसं माझ्याशी बोलतात कारण मी त्यांच्या शाखेत जाऊन बसते. रविवारी माझ्याशी बोलायचं कुणाला कारणच नव्हतं. घरात बसून राहिले तर भिंती बोलतील अशी भीती वाटे. म्हणून मी रविवारी उजाडायच्या सुमारास निघायची. अप्पा कॉफीचा पेला घेऊन ओट्यावर बसलेले असत. "दूर का, मा?" आणि मी, कुणास ठाऊक का, दर वेळी म्हणायची, "हो अप्पा, लांब."

लांब कसलं! समुद्रावर जाऊन बसायची. ऊन चढलं की पुलावरून जाणाऱ्या त्या लोकल गाडीत बसून वेळचेरीपर्यंत जायची आणि त्याच गाडीने परत यायची. रविवारी ती गाडी रिकामी असते, स्टेशनं एवढी मोठी की एका माणसाला लाज वाटावी. कुठेतरी इडली खायची, एखादं दुकान हिंडायची, आणि दुपार कलल्यावर घरी. या बाईला या गावात जायला घर नाही, ओळख नाही, हे माडीखालच्या म्हाताऱ्याला कळू नये असं मला वाटे. 'लांब' म्हटलं की वाटतं, कोणीतरी वाट बघतंय.

परत आले की फाटकाच्या आवाजाने अप्पा मान वर करत, "आलां का? बेष," म्हणत आणि उठून आत जात. मी वर पोचून कुलूप काढते न काढते तोच खाली नळ सोडल्याचा, बादली भरल्याचा आणि तांब्याचा आवाज येई. दुपारी तीनला अंघोळ! मला गंमत वाटायची. म्हाताऱ्या माणसांच्या तऱ्हा, असं म्हणून मी पंखा लावून पडायची. ज्या बाईला कपाटाकडे वळताना विचारलेल्या कॉफीचा अर्थ कळतो, तिच्या कानांवर हे महिनोन् महिने पडत होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा.

मग एका रविवारी वेळचेरीच्या गाड्या दुरुस्तीसाठी बंद होत्या. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, समुद्रावर ऊन सोसवेना, आणि मी फरफटत लवकर परत आले. अप्पा ओट्यावर होते. अंगात कालचाच सदरा, खांद्यावर टॉवेल. शेजारी मेसमधून आलेला जेवणाचा डबा तसाच, कडी न उघडलेला. आणि चेहरा असा की मला विचारावंच लागलं.

"अप्पा, जेवला नाहीत?"

"व्हायचं अहे. स्नान व्हायचं अहे, मा."

अंघोळीशिवाय ते अन्नाला शिवत नाहीत हे मला ठाऊक होतं. मी वर गेले. कुलूप काढलं. खाली नळ सुरू झाला.

मी तुटकी चप्पल हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभी होते आणि डोक्यात एकेक खिळा बसत होता. कामाच्या दिवशी त्यांची अंघोळ मी ऑफिसला निघण्याआधीच होते. मी पहाटे दिवसभराच्या दौऱ्यावर गेले की संध्याकाळी, मी परतल्यावर नळ वाजतो. रविवारी दुपारी वाजतो. मी घरात असल्याशिवाय हा माणूस अंघोळीला जात नाही.

आधी मला राग आला, हे सांगितलं पाहिजे. माझा स्वभाव तसा आहे, तवा आधी तापतो मग भाकरी शोधते. मी भाडेकरू आहे की पहारेकरी? मला न सांगता, न विचारता मला कामाला लावलंय? मी तशीच खाली गेले. अप्पा ओल्या अंगाला पंचा गुंडाळून बाहेर आले होते, कपाळाला विभूती लावत होते. मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही मी येईपर्यंत थांबता का?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. मी येण्याच्या आदल्या वर्षी ते न्हाणीत पडले होते. पाय सरकला आणि उठता येईना. दाराला आतून कडी. माडी तेव्हा रिकामी होती. ओरडले, पण ते न्हाणीघर मागच्या अंगाला, गल्लीत ऐकू जाईना. झाडायला येणारी बाई दुसऱ्या दिवशी आली तेव्हा सुटका झाली. "तुम्ही आलां तेव्हा मी बघितलों," ते म्हणाले, "न्हाणीतून हाक मारली तर माडीवर ऐकूं येतं. तुमचा रेडिओ मला ऐकूं येतो, मण्जे माझी हाक तुम्हास येणार." म्हणून प्रश्न. जवळ म्हटलं की पाणी तापत ठेवायचं. दूर म्हटलं की थांबायचं.

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलों तर तुम्ही अडकून पडणार. तुम्हास दूर जायचं असतं. तुमची माणसं असणार."

मी म्हटलं, "जेवून घ्या, डबा गार झाला असेल." आणि वर येऊन खूप वेळ रडले. ते सारे रविवार मी कुणीच नसलेल्या गाडीत बसून होते आणि हे उपाशी ओट्यावर होते, आणि दोघांनी एकमेकांपासून तेच लपवलं होतं. दोघांनाही वाटत होतं की समोरच्याला माणसं आहेत.

त्यानंतरचे महिने चेन्नईतले माझे सगळ्यात चांगले. रविवारी मी घरीच थांबू लागले. सकाळी जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडायची, "अप्पा, मी आहे हो!" खालून "बेष!" आणि मग नळ. तांब्याचा आवाज थांबेपर्यंत मी रेडिओ लावत नसे, भांडी आपटत नसे. मग डब्यातलं सांबार ते वर पाठवत आणि मी त्यांना शेंगदाण्याची चटणी देई, ती ते भाताशी खात, हे बघून माझा जीव खालीवर होई. डिसेंबरात, मार्गळीच्या महिन्यात, इथल्या गायनसभांतून गाणी चालू असत तेव्हा संध्याकाळी निघताना ते विचारत, "दूर का?" मी म्हणे, "नाही हो, चार घरं सोडून. गाणं ऐकायला." मला खरं सांगता येऊ लागलं. खरं सांगायला एक माणूस लागतो एवढंच.

त्यांची एकच अट होती, मुलीला सांगू नका. पडल्याचं तिला माहीत होतं, पण भीती अजून बसलेली आहे हे नव्हतं. कळलं तर ती त्यांना घेऊन जाईल. "तिथे मला ओटा नाही," ते म्हणत. "बाराव्या माळ्यावर कोण जाणार येणार?"

मुलगी महिन्या-दोन महिन्यांनी मला फोन करायची. माझ्याच वयाची, आवाज थकलेला, बोलणं निम्मं इंग्रजी निम्मं तमिळ आणि शेवटी माझ्यासाठी थोडंसं मराठी. सगळं बोलून झालं की विचारायची, "अप्पा बरे आहेत ना?" मी म्हणायची, बरे आहेत. ती "ओके, ओके" म्हणून फोन ठेवायची. हा प्रश्न मला कधीच उलगडला नाही. बरे आहेत म्हणा, म्हणजे मला निश्चिंत राहता येईल, असं त्यात होतं? की बरे नाहीत म्हणा, म्हणजे मला त्यांना आणता येईल, असं? इतकी वर्षं लोकांची भांडी पदराखालून काढली, आणि या एका प्रश्नात ताक कुठलं आणि भांडं कुठलं ते मला कळेना.

मग मला मदुरैकडच्या शाखांची तपासणी लागली, पंधरवडाभराची. निघाले त्या पहाटे अप्पांनी विचारलं. मी म्हटलं, "लांब अप्पा. या वेळी खरंच लांब."

"बेष. जाऊन या."

मी शेजारच्या फोटो स्टुडिओवाल्याला सांगून गेले, अप्पांकडे लक्ष ठेवा. त्याने होकार दिला आणि ठेवलंही असेल, रस्त्यावरून दिसतं तेवढं. मी लॉजवरून रोज फोन करायची. ते बरं अहे म्हणायचे. नंतर फोन उचलेनासे झाले. मला शाखेतले आकडे दिसेनात. मी सगळं आटपून दोन दिवस आधीच एग्मोर स्टेशनवर उतरले आणि रिक्षावाल्याशी घासाघीस न करता घरी आले.

ते ओट्यावर नव्हते. आत खाटेवर होते, अंगात ताप, गालफडं बसलेली. ओल्या टॉवेलने अंग पुसून घेत होते म्हणाले, पण त्याला ते स्नान धरत नव्हते, आणि स्नान नाही म्हणून जेवण नाही. कॉफी आणि केळी, एवढ्यावर होते. मी डॉक्टरला बोलावलं. मी पाणी तापवलं. न्हाणीच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसले आणि आतून कडी घालू नका म्हणून दटावलं. तांब्याचा आवाज मध्येच थांबला की मी हाक मारत होते, आणि ते "अहे, अहे" म्हणत होते.

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग तोच प्रश्न. "अप्पा बरे आहेत ना?"

खरं सांगितलं तर ते जाणार. त्यांचा ओटा जाणार, आणि माझा या शहरातला एकुलता एक प्रश्न जाणार. खोटं सांगितलं तर ते राहणार, आणि माझा पुढचा दौरा पुढच्या महिन्यात होता. त्यांच्यासाठी गप्प बसायचं की माझ्यासाठी, हे मला वेगळं करता येईना. आणि वेगळं करता येईना, म्हणूनच मला कळलं की गप्प बसायचं नाही. मी म्हटलं, "नाहीत." आणि सगळं सांगितलं.

ती एवढंच म्हणाली, "मी इतके दिवस विचारत होते." आणि तिने फोन ठेवला.

अप्पांना तिने त्याच संध्याकाळी सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले तेव्हा ते ओट्यावर होते, आणि पेपर तोंडासमोर धरलेला. मी फाटकाची कडी काढली, जरा जास्तच वाजवून. पेपर हलला नाही. मी पुढे गेले. कोणी न विचारता मी ऑफिसला गेले, कोणी न विचारता परत आले. दोन आठवडे असेच. सकाळी मी जिन्यातून "मी आहे हो" म्हणे आणि काही वेळाने नळ वाजे, पण 'बेष' ऐकू येत नसे. एवढ्याशा शब्दाने माणूस इतकं उपाशी राहू शकतं हे मला नवीन होतं. मी चिडलेही. मनात म्हटलं, मी तुमच्या भल्यासाठी केलं, तर माझ्यावरच तोंड फिरवता? मग वाटे, भल्यासाठी करणाऱ्यांनी माझीही खोली पुतण्याला दिलीच की.

ती न्यायला आली त्या दिवशी गल्लीत गाडी जेमतेम मावली. सामान थोडंच होतं, दोन बॅगा आणि देवांची पेटी. अप्पा काठी टेकत उतरले, ओट्याच्या खांबाला हात लावला आणि गाडीत बसले. निघणाऱ्याने 'जातो' म्हणू नये, त्यांनी तेही म्हटलं नाही आणि 'येतो'ही म्हटलं नाही. सरळ समोर बघत राहिले. मी फाटकातून पुढे झाले, खिडकीशी वाकले. कुठे चाललेत हे मला माहीत होतं. तरी मला दुसरं काही सुचेना.

"दूर का, अप्पा?"

ते समोरच बघत होते. पलीकडून मुलगी वाकून म्हणाली, "बंगळूरच आहे, मॅडम. सहा तास फक्त." बिचारी. तिला कोणी हे शिकवलं नव्हतं. काच वर गेली आणि गाडी तळ्याच्या कोपऱ्यावरून वळली.

खाली कुलूप लागलं. घराकडे लक्ष ठेवा, असं तिने मला सांगितलं होतं, म्हणून मी राहिले. फोटो स्टुडिओवाला भेटला की विचारायचा, जेवलात का. मी म्हणायची, जेवले. भावाने विचारलं, कधी येणार. मी म्हटलं, बघू. आणखी एक गोष्ट झाली. माडीवरच्या माझ्या न्हाणीच्या दाराला आतून कडी घालायची मी सोडून दिली. आधी लक्षातच आलं नाही. एक दिवस दार वाऱ्याने उघडलं, मी ओल्या अंगाने ते लोटून घेतलं, कडीकडे हात नेला आणि परत घेतला. मी पडले तर हाक कोणाला ऐकू जाणार होती, खाली तर कुलूप होतं. पण निदान दार फोडावं लागू नये.

दीड-दोन महिन्यांनी, एका रविवारी, मी पिशवी घेऊन फाटकाशी पोचले होते तोच फोन वाजला. अनोळखी नंबर. उचलला तर कोणी बोलेना. नुसता श्वास, आणि मागे कुणाच्या तरी घरातला मिक्सर. मी "हॅलो, कोण?" म्हणत दुसऱ्या हाताने फाटकाची कडी काढली. ती कडी जुनी आहे, गल्लीभर वाजते.

"दूर का, मा?"

मी फाटक धरून उभी राहिले. आधी मनात हाच विचार आला की आता यांना हे कशाला हवंय? तिथे मुलगी आहे, जावई आहे, न्हाणीत धरायला भिंतीला दांडे बसवलेत म्हणाली होती. मी दूर असले काय नि जवळ असले काय. मग वाटलं, राग गेला, तेवढं सांगायला फोन केला असेल.

"नाही, अप्पा. लांब कुठलं. कोपऱ्यावर, कढीलिंब आणायला."

"लगेच येणार?"

"लगेच."

"बेष," ते म्हणाले. "तर मी स्नानास जातों."

फोन त्यांनी बंद केला नाही, कुठेतरी ठेवला. काठी ऐकू आली, मग दार, मग खूप लांबून नळ. मी फाटकाची कडी हळूच परत लावली आणि फोन कानाला धरून ओट्यावर बसले. कढीलिंब काय, दुपारीही आणता येतो.